मदत हवी आहे : आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला चालतं का? ताट्या महिन्याभरात पांढऱ्या पडताहेत (नागपूर)

गच्चीवाली :

नमस्कार मंडळी. त्रिमूर्तीनगर भागात स्वतंत्र घर आहे, माणसं चार. घरात पाणी आणि वीज दोन्ही कमी लागावी म्हणून पुढची व्यवस्था केली आहे, पण ती कुठेतरी चुकते आहे.

आरओ मशीन नळाच्या पाण्यावर चालते. रोज साधारण 15 लिटर शुद्ध पाणी घेतो, त्यामागे 45 लिटर वाया जातं. ते वाया न घालवता कूलरमध्ये टाकतो. कूलर मोठा आहे, टाकी 80 लिटरची, दिवसाला अंदाजे 120 लिटर पाणी पितो. कमी पडणारं 75 लिटर अंगणातल्या विहिरीचं. टीडीएस मीटरवर (एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) नळाचं पाणी 240, विहिरीचं 850. फ्लश आणि फरशी पुसायला नळाचंच पाणी वापरतो.

अडचण अशी की वाळ्याच्या ताट्या महिन्याभरात कडक, पांढऱ्या होतात आणि हवा गार लागत नाही. टाकी आठवड्याने रिकामी करतो. आरओचं पाणी बंद करावं का?

दुसरं, पावसाळ्याआधी स्लॅबचं पाणी विहिरीत सोडायचं आहे. स्लॅब 1000 चौरस फूट. त्यावर चुनाही मारायचा आहे. दोन्ही एकत्र जमेल का?

वाळ्याची ताटी :

ताई, आरओचं पाणी बंद करू नका. बंद करायचं ते विहिरीचं.

हिशोब बघा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर टाकाऊ निघतं, म्हणजे चार लिटरमधले क्षार तीन लिटरात येतात. 240 चे होतात जेमतेम 320. टाकाऊ म्हटलं की फार खारट असेल असं वाटतं, पण घरगुती मशीनमध्ये तसं नसतं. ते तुमच्या विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे.

कूलरमधून पाण्याची वाफ उडते, क्षार मागे राहतात. आरओच्या 45 लिटरमधून रोज 14 ग्रॅम क्षार येतात आणि विहिरीच्या 75 लिटरमधून 64 ग्रॅम. आठवडाभर टाकी रिकामी केली नाही तर त्या 80 लिटर पाण्यात आणि ताट्यांवर मिळून अर्धा किलोपेक्षा जास्त क्षार जमतो. पाणी तेवढा क्षार विरघळवून ठेवू शकत नाही. त्यातला कॅल्शियमचा भाग आधी बाहेर पडतो आणि वाळ्याच्या काडीवर थर धरतो. काडी पाणी शोषेनाशी होते, हवा कोरड्या जागेतून निघून जाते आणि गारवा संपतो.

म्हणून अदलाबदल करा. विहिरीचं पाणी फ्लशला, अंगण धुवायला. कूलरला आरओचं टाकाऊ आणि वर नळाचं. रोजचा क्षार 78 ग्रॅमवरून 32 ग्रॅमवर येईल. नळाचं पाणी जास्त लागणार नाही, कारण आज फ्लशमध्ये जाणारं तेच पाणी कूलरकडे वळेल.

टाकी दर तिसऱ्या दिवशी पूर्ण रिकामी करायची. नुसती वरून भरत राहिलात तर वरचा हिशोब पुन्हा सुरू होतो. रिकामी करताना भिंती घासणीने घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला भिंतीवर अंडी चिकटवतो, ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरताच फुटतात. पाणी ओतून दिलं म्हणजे काम झालं असं नाही.

काढलेलं पाणी फ्लशला. कुंड्यांना देऊ नका, दीड हजारांच्या घरात टीडीएस असतो, मे महिन्यात पानांच्या कडा जळतात.

वीज वाचवायला पंपाला दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद असा टायमर लावण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. पंप मुळात 20 ते 40 वॅटचा असतो, वाचत काही नाही. उलट ताटी सुकली की क्षार काडीवर दगडासारखा बसतो. ताटी वरून खालपर्यंत सतत ओली हवी. वरच्या नळीची भोकं आठवड्याने टाचणीने मोकळी करा. एक भोक बुजलं की त्याखालचा अख्खा पट्टा कोरडा राहतो आणि गरम हवा तिथूनच आत येते.

उंबरठा :

वरच्या सगळ्याशी सहमत, पण मूळ प्रश्न राहिला. 240 टीडीएसच्या पाण्याला आरओ लागतोच कशाला? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 पर्यंत टीडीएस स्वीकारार्ह आहे. नळाच्या पाण्याला गाळणी आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारी मशीन) पुरतं. मशीन काढली की टाकाऊ पाण्याचं काय करायचं हा प्रश्नच उरत नाही. मात्र पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा यूव्हीच्या आधी 5 मायक्रॉनची गाळणी हवीच. गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत.

गच्चीवाली :

ताट्यांचं एकदम लक्षात आलं, धन्यवाद. विहिरीकडे संशयच गेला नव्हता. पण पिण्याजोगं पाणी कूलरमध्ये घालायला मन होत नाही. त्यापेक्षा एसी बरा का?

वाळ्याची ताटी :

नागपूरच्या एप्रिल-मे मध्ये नाही. दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतो, कूलर दीडशे ते अडीचशे वॅट. 43 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर 29-30 अंशांची हवा देतो. जुलैत हवेतच ओल असते, तेव्हा तापमान फारसं उतरत नाही. त्या दिवसांत पंप बंद ठेवा, नुसता पंखा चालवा.

पाणी कमी लागावं असं वाटत असेल तर दोन गोष्टी करा. एक, समोरची एक खिडकी पूर्ण उघडी ठेवा. आत आलेली हवा बाहेर पडली नाही तर खोली दमट होते आणि लोक वेग वाढवतात, म्हणजे आणखी पाणी. दुसरी, स्लॅब पांढरा करा. वरून येणारी धग कमी झाली की कूलर उशिरा लावावा लागतो.

कोणतं पाणी कुठे, एवढाच हा प्रश्न आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, तिथेही तत्त्व हेच.

मुरूम :

आता स्लॅबचं पाणी. 1000 चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर, म्हणून 1 मिमी पावसाला 93 लिटर. आपल्याकडे वर्षाला 1000 मिमीच्या आसपास पाऊस धरला आणि पाचवा भाग वाया गेला तरी 74 हजार लिटर विहिरीत जाऊ शकतं.

गाळणीसाठी 200 लिटरचा ड्रम बहुतेक जण सुचवतात. तो तुम्हाला पुरणार नाही. तासाला 50 मिमीची सर आली तर मिनिटाला 75 लिटरच्या वर पाणी येतं, ड्रमचं तोंड लहान असल्याने ते वरून सांडतं. 3 फूट × 3 फूट × 3 फूट विटांचा हौद बांधा. तळाला 40 मिमीची गिट्टी 9 इंच, त्यावर 20 मिमीची 6 इंच, मग नायलॉनची बारीक जाळी, वर जाड धुतलेली रेती 9 इंच. जाळी विसरलात तर पहिल्याच महिन्यात रेती गिट्टीत उतरते. वरच्या मोकळ्या फुटात नालीकडे जाणारा 4 इंची ओव्हरफ्लो हवा.

हौदाच्या आधी पाइपला टी जोडून खाली व्हॉल्व्ह बसवा. उन्हाळाभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा पहिल्या दोन-तीन पावसांत बाहेर जाऊ द्या, मगच व्हॉल्व्ह बंद करा. पुढेही आठवडाभर उघडीप पडली की पुढच्या सरीचं पहिलं पाणी सोडून द्या.

हौदापासून विहिरीत जाणारा पाइप कठड्यावरून नुसता सोडू नका. वरून पडणाऱ्या धारेने मुरमाचा काठ ढासळतो. पाइप आतल्या भिंतीला क्लॅम्पने बांधून पाण्याच्या पातळीजवळ न्या, टोकाला एल्बो (काटकोनी वळणाचा जोड) लावा. हौद घराच्या पायापासून 10 फूट तरी लांब ठेवा. काळी माती ओली झाली की फुगते, पायाजवळ ओल मुरली तर भिंतींना तडे जातात. या विहिरीचं पाणी पिऊ नका.

चुन्याबद्दल स्पष्ट सांगतो, साधा चुना आणि गाळणी यांचं जमत नाही. हात फिरवल्यावर तळव्याला जे पांढरं लागतं ते सगळं पावसात रेतीवर जाऊन बसतं आणि गाळणी तुंबते. चुनाच मारायचा तर मार्चमध्ये मारा, 1 किलोला 5 लिटर पाणी, त्यात फेव्हिकॉल डीडीएल (चुना धरून ठेवणारा गोंद), दोन हात. मग पावसाळ्यात पाणी नितळ येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच ठेवा. खर्च परवडत असेल तर छतासाठीचा पांढरा ॲक्रिलिक लेप घ्या, तो सुटत नाही.

गच्चीवाली :

लेपच लावते मग. शेवटचं एक. ओल्या कचऱ्याचा खताचा ड्रम मे महिन्यात पार कोरडा पडतो. त्यावर कूलरमधून काढलेलं पाणी शिंपडलं तर?

उंबरठा :

नको. क्षार खतात राहतात आणि मग कुंडीत जातात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी शिंपडा. मूठभर खत घट्ट दाबलं की बोटांत ओल दिसावी, थेंब गळू नये. ड्रम सावलीत हवा. कोरडा भर म्हणून कुटार (मळणीनंतरचा भुसा) मिळालं तर उत्तम, नाहीतर पाचोळा, ओल्या कचऱ्याच्या निम्मा. संत्र्याच्या साली दोन दिवस उन्हात वाळवून, चुरून थोड्या थोड्याच घाला. ओल्या साली ढिगाने पडल्या की त्यांचा गोळा होतो, आत हवा जात नाही आणि बुरशी धरते.

गच्चीवाली :

झालं. रविवारी विहिरीची लाइन फ्लशच्या टाकीला जोडून घेते. दोन्ही लाइन एकाच टाकीत आल्या तर काही अडचण?

मुरूम :

एकाच टाकीत आणू नका. फ्लशसाठी वेगळी टाकी ठेवा. नाहीतर एखाद दिवशी व्हॉल्व्ह उघडा राहिला की विहिरीचं पाणी स्वयंपाकघराच्या नळाला येईल. दोन पाइपांना दोन रंग द्या, म्हणजे पुढे दुरुस्तीला येणारा प्लंबरही चुकणार नाही.