विषय: गुरुद्वाऱ्याची भेट, आणि गणपतीत पोळ्या कोण लाटणार

प्रेषक: मराठी शाळा (शनिवारचा वर्ग)

नमस्कार मंडळी,

काल शाळेची सतरा मुलं आणि नऊ पालक मिळून बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकच्या गुरू नानक गुरुद्वाऱ्यात जाऊन आलो. ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. फोटो नंतर टाकीन. डोक्याला रुमाल बांधलेल्या आपल्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे आहेत.

आत शिरल्याशिरल्या जोडाघर, म्हणजे चपला-बूट ठेवायची जागा. तिथे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. डोक्यावर निळा पटका, हातात कडा, अंगात ॲस्टन व्हिला फुटबॉल क्लबची जर्सी. येणाऱ्या प्रत्येकाचे बूट दोन्ही हातांनी घ्यायचा, खणात ठेवायचा आणि बिल्ला द्यायचा. चिखलाने भरलेले कामाचे बूटसुद्धा तसेच, तोंड वाकडं न करता. आपल्या एका पठ्ठ्याने त्याला विचारलं, ‘तुला याचे पैसे देतात का?’ तो म्हणाला, ‘नाही, माझे आजोबा आत कांदे चिरतायत.’ जणू एवढ्यात सगळं आलं.

लंगरमध्ये, म्हणजे येईल त्याला फुकट जेवू घालतात तिथे, मुलं रांगेत जमिनीवर बसली. पोळीला तिथे परशादा म्हणतात. आपल्या पोरांनी एकच हात पुढे केला, तर वाढणाऱ्या काकांनी हसून खूण केली: दोन्ही हात. दुसऱ्या वेळी सतराच्या सतरा जणांचे दोन्ही हात पुढे होते. ‘नीट घे’ म्हणून मी घरी सहा वर्षं ओरडतेय, ते असो.

दरबारात कीर्तन चालू होतं. अर्थ लागत नव्हता, म्हणून मी आपली भिंतीकडे बघत बसले होते. अचानक कानावर आलं: ‘आनीले’, मग ‘भराईले’, आणि पुढे चक्क ‘बीठलु’. अंगावर काटा आला. नंतर कीर्तन गाणाऱ्या रागींना विचारलं. म्हणाले, ‘भगत नामदेवजी दा शबद है.’ शबद म्हणजे पद. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हे शाळेत वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि मध्य इंग्लंडमध्ये तबल्यावर ऐकणं वेगळं. ‘आणिले’, ‘भरविले’ असं शनिवारी फळ्यावर लिहून मी घसा फोडते, आणि इथे गुरुमुखीत बसलेला तोच ‘ले’ शिखांची पोरं रोज ऐकतात.

आता मूळ मुद्दा. आपल्या गणपतीत मुलं चार मिनिटं स्टेजवर नाचतात आणि उरलेले चार तास मागच्या खुर्च्यांवर फोन बघतात. त्यांची चौथी पिढी जोडाघर सांभाळते, आपली दुसरी पिढी म्हणते ‘मला समजतं, पण बोलता येत नाही’. आपलं नेमकं कुठे चुकतं? यंदा गणपतीत घरचाच स्वयंपाक करून मुलांनाही कामं देऊया का?

– शाळेची ताई

प्रेषक: अण्णा, वुल्व्हरहॅम्प्टन
विषय: उत्तर: गुरुद्वाऱ्याची भेट

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र आवडलं. पण ‘त्यांनी टिकवलं’ म्हणताना आपण मधली गोष्ट गाळतो, आणि ती मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

मी इथे १९६८च्या हिवाळ्यात आलो. डडली रोडवर एका घरात आम्ही सहा जण. दोन खोल्या, एक गॅस मीटर, त्यात शिलिंग टाकायचं. चौघे पंजाबी होते आणि चौघेही शीख, पण एकाच्याही डोक्यावर पगडी नव्हती की तोंडावर दाढी. ओतकामाच्या कारखान्यात पगडीवाल्याला दारातूनच परत पाठवायचे, म्हणून बहुतेकांनी आल्या आल्या केस उतरवलेले. एकाच्या ट्रंकेत झाकणाच्या आतल्या बाजूला गावचा फोटो चिकटवलेला होता, पगडीतला. तो कपडे काढायला ट्रंक उघडायचा आणि फोटोकडे न बघता बंद करायचा. आम्ही त्याला कधी काही विचारलं नाही.

तेव्हा गावात बसचा वाद पेटला होता. तरसेमसिंग संधू नावाचा ड्रायव्हर. नोकरीला लागला तेव्हा तोही गुळगुळीत दाढी केलेला होता, हे लोक विसरतात. १९६७मध्ये आजारपणाची रजा संपवून परतला तो दाढी आणि पगडीसह. बसखात्यात दाढी-पगडीला बंदी होती, म्हणून त्याला घरी पाठवलं. मग दोन वर्षं मोर्चे, सभा, समितीच्या बैठका. इनॉक पॉवेल इथलाच खासदार. एप्रिल १९६८च्या त्याच्या स्थलांतरितांविरुद्धच्या त्या कुप्रसिद्ध भाषणातही हा वाद आलाच. शेवटी सोहनसिंग जॉली नावाच्या गृहस्थांनी जाहीर केलं की बंदी उठली नाही तर १३ एप्रिल १९६९ला, म्हणजे वैशाखीला, मी स्वतःला जाळून घेईन. ९ एप्रिलला बंदी उठली. चार दिवस आधी.

सगळे शीख त्यांच्या बाजूने होते असंही नाही. आमच्याच घरातले दोघे म्हणायचे, उगाच डोळ्यांवर येऊ नका, कामं जातील.

पुढे १९७६ला मोटरसायकलच्या हेल्मेटमधून पगडीला सूट मिळाली. बर्मिंगहॅममधल्या एका खासगी शाळेने पगडीमुळे एका मुलाला प्रवेश नाकारला, ते प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९८३ला निकाल लागला की वंशभेदाच्या कायद्यापुरता शीख हा एक वांशिक समूह आहे, नुसता धर्म नव्हे. २००८ला वेल्समधल्या एका शाळकरी मुलीच्या कड्यासाठी पुन्हा हायकोर्ट, आणि पोरगी जिंकली.

तेव्हा तुम्ही पाहिलेला तो पटका चार पिढ्या अखंड चालत आलेला असेलच असं नाही. आजोबांनी उतरवला, बापाने पुन्हा बांधला, असंही असू शकतं. माझा ट्रंकवाला मित्र निवृत्त झाला त्या वर्षी केस वाढवायला लागला. पासष्टाव्या वर्षी! बायको म्हणाली, आता डोक्यावर उरलंय किती, वाढवणार काय? तरी वाढवले.

– अण्णा

प्रेषक: वॉलसॉलच्या वहिनी
विषय: उत्तर: उत्तर: गुरुद्वाऱ्याची भेट

अण्णा, शेवटचं वाक्य वाचून हसले आणि मग थोडं डोळ्यांत पाणीही आलं.

तरी ताई, चित्र इतकं गोडही नाही हो. आमच्या शेजारी शीख कुटुंब आहे, सोळा वर्षांचा घरोबा. त्यांची मुलं रविवारी ऊडा-ऐडा, म्हणजे गुरुमुखीची मुळाक्षरं, गिरवायला जायची आणि परतताना गाडीत इंग्रजीतच भांडायची, अगदी आपल्यासारखी. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये शीख सुमारे ५ लाख २४ हजार आणि ‘मुख्य भाषा पंजाबी’ सांगणारे सुमारे २ लाख ९१ हजार, त्यातही सगळे शीख नव्हेत. म्हणजे भाषा त्यांचीही निसटतेच आहे. एक फरक मात्र खरा: त्यांच्या मुलाला जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, पंजाबी घेता येते, आपल्या मुलाला मराठी घेता येत नाही. आपण शनिवारी शिकवतो त्याला कुठलंही प्रमाणपत्र नाही, आणि मुलं ते बरोबर ओळखतात.

त्यांच्या धाकट्याचा पटका शाळेत एकाने ओढून काढला. बारा वर्षांचा होता. शाळेने ‘मस्करी’ म्हणून सोडून दिलं. पोरगा घरी आला, जेवला नाही, आणि दोन वर्षांनी एक दिवस केस कापून आला. आजी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसून ती बाई नुसती ओढणीचं टोक पिळत होती. आई मात्र म्हणाली, बांधायला लावलं तेव्हा मी त्याला विचारलं नव्हतं, कापताना त्याने मला विचारलं नाही. मला आजही कळत नाही कोणाची बाजू घ्यायची.

आणि ‘आपलं ते राखणं’ म्हणजे दुसऱ्याला आत न घेणं, असंही होतं कधीकधी. २०१६ला लेमिंग्टन स्पाच्या गुरुद्वाऱ्यात मिश्र विवाहाला विरोध करायला आलेल्यांपैकी ५५ जणांना पोलिसांनी पकडलं होतं. जातीवार गुरुद्वारेही आहेत, रामगढियांचे वेगळे, रविदासियांचे वेगळे. आपल्याला त्यात नाक खुपसायचं कारण नाही. आपल्या विवाहमंडळाचे अर्ज काढून बघा, म्हणजे झालं.

मला वाटतं फरक एवढाच की शीख मुलाला लपता येत नाही. रोज सकाळी आरशासमोर त्याला ठरवावं लागतं. माझ्या मुलाला काहीच ठरवावं लागत नाही. तो ‘इंडियन’ एवढं म्हणतो आणि सुटतो.

– वहिनी

प्रेषक: नांदेडकरीण, बर्मिंगहॅम
विषय: उत्तर: उत्तर: गुरुद्वाऱ्याची भेट

मी सहसा लिहीत नाही, पण इथे माझा हक्कच आहे.

मी नांदेडची. आमच्या वर्गात चार सरदार मुली होत्या, दखनी शीख, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दख्खनमध्येच राहिलेल्या. घरी गुरुमुखी, दसऱ्याला हल्ल्याच्या मिरवणुकीत पुढे, आणि वर्गात मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. एकीला तर वक्तृत्वात पहिलं बक्षीस. केस पंजाबचे आणि बोली गोदाकाठची, यात काही विसंगत आहे असं आम्हा कुणालाच वाटायचं नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ला आपल्या नांदेडात ग्रंथाला गुरुपद दिलं. २००८ला त्याची तीनशे वर्षं झाली तेव्हा गावातले रस्ते असे रुंद झाले की माहेरी गेल्यावर मी आमची गल्लीच चुकले.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी एक पगडीवाले आजोबा. ‘बेटा, कित्थों?’ मी म्हटलं, नांदेड. आजोबा काठी टेकत उभे राहिले आणि हात जोडले. ‘हजूर साहिब!’ म्हणजे आमच्या नांदेडचा गुरुद्वारा. माझं गाव ऐकून कोणी उभं राहावं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मुंबईत लोक विचारतात, ‘म्हणजे लातूरजवळ का?’ आजोबांना सचखंड एक्सप्रेसने दोनदा अमृतसरहून नांदेड घडलेलं, स्टेशनबाहेरचा चहावालासुद्धा आठवत होता. माझा नंबर पुकारला तरी आम्ही बोलतच होतो.

आणि उलट बाजूने, गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान. नामदेवांचं तिथलं स्थान पंजाबी लोकांनी इतकी शतकं सांभाळलं. २०१५ला ८८वं साहित्य संमेलन तिथे भरलं तेव्हा आपल्याकडच्या कित्येकांनी नकाशा काढला. तेव्हा ताई, ‘ते’ आणि ‘आपण’ अशी वही आखताना मधली रेघ जरा पुसटच मारा.

बाकी, मुलांना काम द्यायचं म्हणताय ते शंभर टक्के पटलं. माझी लेक कालपासून घरात चपला रांगेत लावतेय. बिल्ले मात्र मागतेय.

– नांदेडकरीण

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: गुरुद्वाऱ्याची भेट

सगळ्यांची पत्रं वाचली, छान. मुलांच्या हातात सुऱ्या किंवा तवे देण्याआधी हॉलच्या विम्याचे कागद कोणीतरी वाचा. मी वाचलेत. सोळाखालच्यांना शेगडीजवळ परवानगी नाही. आणि गेल्या वर्षी केटररला दिलेले ११०० पौंड आठवतात ना? घरचा स्वयंपाक होणार असेल तर माझा ना नाही.

– ख.

प्रेषक: मराठी शाळा (शनिवारचा वर्ग)
विषय: गणपतीची कामं

अण्णा, ट्रंकेची गोष्ट मुलांना सांगायला एका शनिवारी याल का? इंग्रजी मिसळलं तरी चालेल, पण फोटोचं नक्की सांगा. वहिनी, तुमचं बरोबर आहे, मी हुरळून गेले होते. शेजारच्या त्या मुलालाही यायचं असेल तर आणा. केसांचं कोणी विचारणार नाही, मी बघते.

कामांचं असं ठरवलंय. शेगडी आणि सुऱ्या मोठ्यांकडे. दहाच्या वरची मुलं चपला सांभाळतील, बिल्ले नांदेडकरणीची लेक बनवतेय. सहा ते दहा वयाची मुलं पंगतीत पाणी आणि मीठ वाढतील. वाढताना ‘मीठ हवं का?’ हे मराठीतच विचारायचं, आणि मोठ्यांनी उत्तर मराठीतच द्यायचं, ‘नो थँक्स’ म्हणायचं नाही. नाच होईलच, पण जेवणानंतर, आणि ज्याने वाढलंय त्यालाच पुढची जागा.

पोळ्या लाटायला अजून चार जणी किंवा जण हवेत. आत्तापर्यंत नाव दिलंय एकट्या अण्णांनी, आणि त्यांना लाटता येत नाही हे त्यांनीच कळवलंय. लाटणी ज्याची त्याने आणावीत, हॉलवर एकच आहे आणि तेही वाकडं.

– शाळेची ताई