पालिकेच्या लायसन्सविरुद्ध कोर्टात जाता येतं का?

सावंतवाडीहून बॅगेत चादरी घेऊन येतो, गोव्यात बार्देश तालुक्यात दारोदार फिरतो, परवा एका पालिकेच्या माणसांनी लायसन्स नाही म्हणून सगळा माल उचलला, पावतीसुद्धा नाही. फिरत्या माणसाला कसलं लायसन्स?

— बाब, सोदान सिंग केस वाच, १९८९, सुप्रीम कोर्ट. फेरीचा धंदा मूलभूत हक्क, पण वाजवी निर्बंध चालतात. म्हणजे लायसन्सची अटच रद्द करा म्हटलंस तर हरशील.

— त्यापेक्षा माल उचलला त्यावर भांड. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात फिरते विक्रेतेही येतात, जप्तीची यादी द्यावीच लागते आणि नाशवंत नसलेला माल मागितल्यापासून कामाच्या दोन दिवसांत परत, फी भरून. आधी लेखी अर्ज, मग पर्वरीला हायकोर्ट.

— पंचायत हद्दीत होतास का पण? हा कायदा शहरी भागाचा.

— नाही हो, पालिकाच. उद्याच अर्ज टाकतो.