बँकॉक: जाऊन आलेल्यांनी आणि राहिलेल्यांनी नेमकं लिहा

मंडळी, बँकॉकला जाणाऱ्यांचे प्रश्न दरवेळी तेच असतात. काय पाहायचं याच्या याद्या कुठेही मिळतात. इथे लिहायचं ते असं: पोचायचं कसं, पैसे कुठे वाया जातात, शाकाहाऱ्याने खायचं काय, गाडं अडतं कुठे. कौतुक थोडक्यात आटपा. दर बदलतात, तेव्हा निघण्याआधी एकदा ताडून पाहा.

* * *

सुरुवात टीडीएसीपासून, म्हणजे थायलंडच्या डिजिटल आगमन कार्डापासून. विमानात भरायचं कागदी कार्ड गेलं. 1 मे 2025 पासून हा ऑनलाइन फॉर्म पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावा लागतो. तो फुकट आहे. सर्चमध्ये वर येणाऱ्या काही साइट त्यासाठी डॉलर मागतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी '.go.th' असतंच, तेवढं बघा.

सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातून रेल लिंक निघते. शहरातल्या फया थाई स्टेशनपर्यंत 45 बाट (थाई चलन), साधारण अर्धा तास. पण ती पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते आणि मध्यरात्री थांबते. मुंबईहून सुटलेली बरीच विमानं त्याआधीच उतरतात. तेव्हा टॅक्सी: पहिल्या मजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घ्या, चिठ्ठीवरच्या नंबरच्या लेनमध्ये जा. मीटरच्या आकड्यावर आणखी 50 बाट विमानतळाचे, टोल वेगळा आणि तो वाटेत रोख द्यायचा. सुटे हवेत. आतल्या हॉलमध्ये 'टॅक्सी, टॅक्सी' करत मागे लागणाऱ्यांकडे बघूही नका.

* * *

पैशांबद्दल जोडतो. सामान घेऊन बाहेर आल्यावर दिसणारे एक्स्चेंज काउंटर सोडा, रेल लिंकच्या मजल्यावर उतरा, तिथे भाव बराच चांगला मिळतो. रुपये बदलण्यात तोटा. डॉलर नेत असाल तर 100 च्या, घडी न पडलेल्या नोटा. छोट्या नोटांना कमी भाव देतात. परदेशी कार्डाला एटीएम दर वेळी 220 बाट किंवा जास्त कापतं, म्हणून थोडेथोडे काढू नका. आणि मशीनने 'कन्व्हर्जनसह की शिवाय' विचारलं की 'शिवाय'. रुपयांत दिसणारा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात मशीनवाल्या बँकेचा खिसा भरतो.

* * *

शहर बघायचं तर रस्त्याने नाही, नदीने. बीटीएसच्या (खांबांवरून धावणारी मेट्रो) सफान ताक्सिन स्टेशनखालीच साथॉर्न धक्का आहे. नारिंगी झेंड्याची बोट कुठेही उतरा, 16 बाट. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट महाग, पण बसायला जागा मिळते. धक्क्यावर मोठ्याने विकली जातात ती निळीची तिकिटं. नारिंगीचं खिडकीवर किंवा बोटीत. 'था चांग' धक्क्यावर उतरलात की राजवाडा, 'था तियन' धक्क्यावर वाट फो ('वाट' म्हणजे देऊळ). तिथूनच छोटी होडी 5 बाटात पलीकडे वाट अरुणला सोडते.

दुसरी गंमत सेन सेप कालव्याची. फानफा धक्का ते प्रातुनाम, तिथे बोट बदलायची. तिकीटवाला बोटीच्या बाहेरच्या कडेवर, हेल्मेट घालून, दोरीला धरून चालत येतो. कडेला बसलात तर शेजारची दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर धरणं हे तुमचं काम. समोरून बोट आली की पाणी आत येतं, आणि ते पाणी तोंडावर घेण्यासारखं नाही. पुलाखाली छप्पर खाली येतं, उभे असाल तर वाका. अंधार पडल्यावर बोटी थोड्याच वेळात बंद होतात.

* * *

राजवाडा: 500 बाट, सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट दुपारी साडेतीनपर्यंत. पहिल्या अर्ध्या तासात आत शिरा. दहानंतर टूरच्या बसेस येतात आणि ऊन फरशीवरून उलटं अंगावर येतं. खांदे झाकलेले, पाय घोट्यापर्यंत. अर्धी पँट, फाटकी जीन्स, लेगिंग्ज चालत नाहीत. पंजाबी ड्रेस उत्तम.

बाहेर एखादा नीटनेटका माणूस सांगेल की आज सणामुळे राजवाडा बंद आहे, 20 बाटात टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो. ही फेरी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात संपते, कारण रिक्षावाल्याला तिथून कमिशन मिळतं. राजवाडा खरंच बंद असेल तर फाटकावर कळेल. सरळ चालत जा.

आत सगळे पाचूच्या बुद्धाकडे धावतात (मूर्ती पाचूची नाही, हिरव्या जेडची, वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे वस्त्रं बदलतात). मला विचाराल तर जास्त वेळ भोवतालच्या ओवऱ्यांना द्या. तिथे 178 चित्रफलकांत रामकियन, म्हणजे थाई रामायण आहे. हनुमान पांढरा, आणि ब्रह्मचारी अजिबात नाही: सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या रावणकन्या मत्स्यकन्येच्याच प्रेमात पडतो.

* * *

शाकाहाऱ्यांसाठी. 'व्हेज' म्हटलं की भाज्या येतात, पण फिश सॉसमध्ये परतलेल्या. 'जे' म्हणा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की तिथे मांस, मासे, अंडं, दूध, शिवाय कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनाही बरंच सोपं. कंदमुळं मात्र विचारून घ्या. साध्या गाडीवर 'माय साय नाम प्ला' म्हणजे फिश सॉस नको. तरी करीच्या तयार वाटणात कोळंबीची पेस्ट असतेच, ती शेवटी काढता येत नाही. सोम ताममध्ये (कच्च्या पपईची कोशिंबीर) सुकट असते. आंबा आणि चिकट भात निर्धास्त खा.

याओवारातला (चिनी वस्तीतला) नऊ दिवसांचा 'जे' उत्सव बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच दिवसांत येतो. घरचं जेवण आठवू लागलं तर पाहुरात या भारतीय वस्तीतल्या गुरुद्वारात लंगर आहे.

* * *

बीटीएस आणि एमआरटी (दुसरी मेट्रो) वेगळ्या कंपन्या, तिकीटही वेगळं. एमआरटीच्या गेटवर कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवून जाता येतं. बीटीएसला एकेरी तिकीट नाहीतर रॅबिट कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासकार्ड). संध्याकाळी चार ते सात टॅक्सीत बसू नका, पावसात तर नकोच.

* * *

चतुचक बाजार शनिवार-रविवार. बीटीएसच्या मो चित स्टेशनला उतरू नका, एमआरटीने कामफेंग फेतला जा, दोन नंबरच्या दारातून थेट बाजारात निघता. आवडलेलं तिथेच घ्या, तेच दुकान परत सापडत नाही. सापडवायचंच तर खांबावरचा सेक्शन आणि 'सोई'चा (गल्लीचा) नंबर, दोन्हींचा फोटो काढा.

* * *

व्हेप (ई-सिगारेट) नेऊ नका, तिकडे बेकायदा आहे. दुकानात उघड दिसलं तरी. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. राजघराण्यावर विनोद नाही, फेसबुकवरसुद्धा नाही, तिथे तुरुंग आहे. चार्जरची दोन गोल पिनांची आपली पिन बसते, तीन पिनांची इस्त्री बसत नाही.