मदत हवी आहे: मुलीला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) सांगितलं आहे, औषध सुरू करावं का? (मुंबई)

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझी मुलगी १० वर्षांची, पाचवीत आहे. आम्ही मुलुंडला राहतो. ती दंगा करत नाही, वर्गात जागेवरून उठत नाही, म्हणून शाळेत कधी कुणाच्या नजरेत आली नाही. पण गणिताच्या पेपरात कच्च्या कामात उत्तर बरोबर असतं आणि उत्तराच्या जागी लिहायचं राहून जातं. शेवटचं पान तर उलटलेलंच नसतं. अर्ध्या तासाचा गृहपाठ रडारडीसकट जेवणाच्या वेळेपर्यंत चालतो. छत्री, डबा, कंपास, काहीच घरी परत येत नाही. डायरीत दर आठवड्याला एकच शेरा: लक्ष नाही. हल्ली ती डायरी दाखवायचंच टाळते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

बालमानसोपचारतज्ज्ञांनी आमच्याशी आणि तिच्याशी सविस्तर बोलून, घरून आणि शाळेकडून प्रश्नावल्या भरून घेऊन एडीएचडी सांगितला. त्यातला लक्ष न टिकण्याचा प्रकार, चंचलता फारशी नाही. मिथाइलफेनिडेट कमी डोसपासून सुरू करू, असं म्हणाले.

तिचे बाबा तयार नाहीत. शाडूची माती घेऊन बसली की ती दुपारभर जागची हलत नाही. ‘तिथे लक्ष लागतं, मग अभ्यासातच का लागत नाही? हा आळस आहे, त्याला गोळ्या कशाला?’ असं ते म्हणतात. मला याचं उत्तर देता येत नाही.

ज्यांनी मुलांना हे औषध दिलं आहे त्यांनी कृपया सांगा, मूल गुंगीत राहतं का? सवय लागते का? आमच्या इथल्या केमिस्टकडे ते मिळतही नाही, म्हणून मी जास्तच घाबरले आहे. आणि शाळेकडे नेमकं काय मागायचं? ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ एवढं मात्र कुणी लिहू नका, ते घरात रोज ऐकते आहे.

प्रतिसाद

ताई, माझा मुलगा आता नववीत आहे. आम्ही दादरला असतो. तुमच्या यजमानांचा प्रश्न आमच्याकडेही होता. या मुलांमध्ये लक्ष नसतंच असं नाही. ते हवं तिथे वळवणं आणि नको तिथून काढणं अवघड जातं. आवडीच्या कामात डोपामिन (मेंदूतलं उत्साह देणारं रसायन) आपसूक मिळतं, कंटाळवाण्या कामात मिळत नाही. म्हणून मातीत ती बुडून जाते आणि पाढ्यांपाशी अडते. आणि हे पुष्कळदा आनुवंशिक असतं. आमच्याकडे मुलाच्या तपासणीनंतर त्याच्या काकांचं अख्खं शालेय आयुष्य आम्हाला नव्याने कळलं.

औषधाबद्दल: गुंगीचं औषध नाहीच हे, उत्तेजक आहे. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास, दीर्घकाळ टिकणारीचा आठ ते बारा तास. मूल बधिर, गप्पगप्प वाटलं तर बहुतेकदा डोस जास्त झालेला असतो, लगेच डॉक्टरांना सांगायचं. भूक मात्र खरंच कमी होते. आम्ही सकाळी गोळीआधी भरपेट नाश्ता आणि रात्री उशिरा वरणभात-तूप असं वेळापत्रक लावलं. झोप लांबू शकते. वजन, उंची, नाडी, रक्तदाब तपासत राहतात. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल तर आधीच सांगा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या डोसमध्ये सहसा व्यसन लागत नाही, पण गैरवापर होऊ शकतो, म्हणून गोळ्या कुलपात ठेवा. हे चाललंच नाही तर अ‍ॅटोमोक्सेटिन आहे, ते उत्तेजक नाही, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

प्रतिसाद

केमिस्टकडे न मिळण्याने घाबरू नका. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते आणि विक्रीला वेगळा परवाना लागतो. म्हणून लहान दुकानं ते ठेवत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनाच दुकान विचारा, आणि डबी संपायच्या आठवडाभर आधी चिठ्ठी घेऊन ठेवा.

प्रतिसाद

मी शाळेत समुपदेशक आहे. तपासणी नीट झालेली दिसते. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, सहा महिन्यांहून जास्त टिकलेली आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. ऐकू येणं, नजर आणि झोप तपासली नसेल तर ते करून घ्या. मुली अशा शांत असल्या की उशिरा लक्षात येतात, हे मी कायम बघते.

आता सवलती. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित यांत येणारी अडचण) आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. दोन्ही पुष्कळदा एकत्र असतात, म्हणून सवलतींच्या प्रमाणपत्रासाठी अध्ययन अक्षमतेची चाचणीही करून घ्या. महापालिकेच्या सायन रुग्णालयात त्यासाठी क्लिनिक आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आणि तारखा लांबच्या मिळतील असं धरूनच चाला. तोवर वर्गशिक्षिकांकडे प्रमाणपत्राशिवाय होणाऱ्या गोष्टी मागा: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, आणि पेपर गोळा करण्याआधी ‘शेवटचं पान बघ’ एवढं बाईंनी तिच्या बाकापाशी येऊन म्हणणं. याला शाळा सहसा नाही म्हणत नाहीत.

घरी गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा संपला की लगेच शाबासकी. रविवारी मिळणाऱ्या बक्षिसाचा उपयोग होत नाही, तो रविवार तिला फार लांब वाटतो. आणि शिक्षा म्हणून माती कधीही काढून घेऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला प्रतिसाद तिच्या बाबांना वाचायला दिला. ते अजून हो म्हणालेले नाहीत, पण पुढच्या भेटीला स्वतः येणार आहेत आणि प्रश्न लिहून काढत आहेत. नजर तपासली होती, कान राहिले आहेत, ते याच आठवड्यात करते. दादरच्या ताई, गोळी शाळेच्या दिवशीच द्यायची की सुट्टीच्या दिवशीही? तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?

प्रतिसाद

आम्हाला सुरुवातीला रोज द्यायला सांगितलं होतं, म्हणजे परिणाम आपल्यालाही घरी दिसतो. पुढे मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या देखरेखीखाली बंद ठेवून पाहिली. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, हाही प्रश्न यजमानांच्या यादीत घाला.