सल्ला हवा : ऑफिसच्या सर्व्हरवर प्रत्येकाचं खाजगी फोल्डर, दुसऱ्याला उघडता येऊ नये (बजेट १५ हजार, ठाणे)

नौपाडा_खतावणी
नमस्कार मंडळी. नौपाड्यात सीएचं ऑफिस, आम्ही नऊ जण. मी अकाउंट्स बघतो, पण "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं" या एका वाक्यापायी सर्व्हरही माझ्याच गळ्यात आहे. विंडोज सर्व्हर २०१९, टॉवर मशीन, डोमेन (सगळ्यांचे यूजर एकाच जागी सांभाळणारी व्यवस्था) वगैरे काही नाही. डी ड्राइव्हवर 'ऑफिस' नावाचं फोल्डर शेअर केलंय, ते सगळ्यांना मोकळं.
परवा सर पगारपत्रक उघडायला गेले तर एक्सेल म्हणालं, फाईल दुसरीकडे उघडी आहे. नाव दाखवलं : आर्टिकल-३ (आर्टिकल म्हणजे आमच्याकडे सीए शिकणारं पोरगं). सरांनी केबिनमधूनच विचारलं, "तीन नंबरला कोण बसतं रे?" पोरगं आत गेलं, आणि खरं तेच बोललं : "सर, फोल्डर उघडंच होतं."
आता प्रत्येकाला स्वतःचं फोल्डर हवंय. दुसऱ्याला ते उघडू नये, शक्यतो दिसूही नये. सरांना मात्र सगळं दिसलं पाहिजे. बजेट १५ हजार, वर एक रुपया नाही. नवीन मशीन घ्यायचं नाही.

महापेचा_मिलिंद
नॅस घ्या, म्हणजे नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी. विषय संपला. मी सिनॉलॉजीचा दोन डिस्कवाला घेतलाय. सेटिंगमध्ये 'यूजर होम' चालू केलं की प्रत्येक यूजरचं 'होम' फोल्डर आपोआप तयार, ज्याचं त्याला. एक क्लिक. डिस्कसकट चाळीसच्या पुढे गेलं, पण वसूल.

नौपाडा_खतावणी
दादा, बजेट १५ लिहिलंय. मशीन घ्यायचं नाही असंही लिहिलंय.

महापेचा_मिलिंद
एकदाच खर्च करायचा असतो हो.

खाडीकाठ
काहीही घ्या, जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला आमचं ऑफिस तळमजल्यावर होतं. सर्व्हर टेबलाखाली. दोन दिवसांनी शटर उघडलं तर टॉवरच्या पुढच्या जाळीत चिखल आणि एक झुरळ, मेलेलं. तेव्हापासून आमचा सर्व्हर माळ्यावर असतो.

वाशी_सेक्टर१७
खाडीकाठ, माळ्यावर उकाड्याने मरेल तो.

खाडीकाठ
इतक्या वर्षांत नाही मेला. दोनदा बदललाय फक्त.

वाशी_सेक्टर१७
असो. धागाकर्ते, खर्च शून्य आहे. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ज्याला नको त्याला 'डिनाय', म्हणजे मनाई. पण 'एव्हरीवन'ला डिनाय करू नका. मी केलं होतं. एव्हरीवनमध्ये मीही आलो आणि ॲडमिनही आला, डिनाय अलाउला भारी पडतो. रात्री साडेनऊपर्यंत स्वतःच्याच सर्व्हरच्या दाराबाहेर उभा होतो.

घोडबंदर_ताई
इतकं कशाला? आमच्याकडे पगाराच्या फाईलला एक्सेलचाच पासवर्ड आहे. बारा वर्षं झाली, कुणी उघडली नाही.

बेलापूर_पेंग्विन
ताई, कुठला पासवर्ड? फाईल उघडतानाच विचारतो तो, की 'शीट प्रोटेक्ट'वाला? २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये उघडायचा पासवर्ड फाईल खरोखर एन्क्रिप्ट करतो. शीट प्रोटेक्ट म्हणजे नुसती दोरी बांधलेली, खाली वाकून कुणीही जातं.

घोडबंदर_ताई
आकडे बदलता येत नाहीत तोवाला.

बेलापूर_पेंग्विन
म्हणजे बारा वर्षं सगळे वाचतायत.
बाकी धागाकर्त्यांना माझा सल्ला : विंडोज काढून लिनक्स टाका, सांबा (लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला शेअर करणारं सॉफ्टवेअर) बसवा. त्यात 'होम्स' नावाचा विभाग तयारच असतो. व्हॅलिड यूजर्ससमोर टक्का-एस लिहायचं, फाईलचा मास्क (कुणाला काय करता येईल त्याचा आकडा) ०६००, फोल्डरचा ०७००. जो लॉगिन करेल त्याला त्याचंच घर दिसतं. लायसन्सचा पैसा नाही. माझा सर्व्हर भंगारातल्या डेस्कटॉपवर पाच वर्षं चालतोय.

नौपाडा_खतावणी
त्यावर टॅलीचा डेटा आहे. मी हात लावला आणि काही झालं तर सर मलाच भंगारात देतील.

महापेचा_मिलिंद
म्हणून म्हणतो, नॅस.

वागळे_रात्रपाळी
सगळे काही ना काही गळ्यात मारायला निघालेत. ही नऊ माणसं सर्व्हरला कुठल्या नावाने जातात हे एकाने तरी विचारलं का? एक्सेलने 'आर्टिकल-३' दाखवलं, ते नाव त्या मशीनवरच्या एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये भरलेलं असतं. सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्स, त्यात सेशन्स (आत्ता कोण जोडलेलं आहे त्याची यादी). यूजरच्या रकान्यात काय आहे ते इथे लिहा.

नौपाडा_खतावणी
नऊ ओळी. नऊच्या नऊ ठिकाणी 'ऑफिस'. बसवून देणाऱ्याने प्रत्येक मशीनवर हाच यूजर आणि पासवर्ड सेव्ह करून दिला होता.

वागळे_रात्रपाळी
झालं. सर्व्हरच्या हिशेबी तुमच्याकडे एकच माणूस कामाला आहे आणि तो नऊ खुर्च्यांवर बसतो. वाटेल तितके डिनाय लावा, एक तर नऊही जातील, नाहीतर नऊही अडतील.
आधी सर्व्हरवर नऊ यूजर बनवा. माणूस आपल्या मशीनवर ज्या नावाने आणि पासवर्डने लॉगिन करतो तेच नाव, तोच पासवर्ड सर्व्हरवर ठेवा, म्हणजे वेगळं विचारणार नाही. प्रत्येक मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज सेव्ह केलेले पासवर्ड ठेवतं ती जागा) तो जुना 'ऑफिस' पुसून टाका.
मग डीवर नवीन फोल्डर करा, 'खाजगी'. शेअरिंगच्या टॅबमध्ये 'एव्हरीवन' काढा, 'ऑथेंटिकेटेड यूजर्स'ला (नाव-पासवर्ड देऊन आत आलेले) 'चेंज' द्या. सिक्युरिटीच्या टॅबमध्ये इन्हेरिटन्स (वरच्या परवानग्या आपोआप खाली येणं) बंद करा, 'यूजर्स' काढा. 'सिस्टीम' आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' राहू द्या. 'ऑथेंटिकेटेड यूजर्स'ला फक्त आतली यादी वाचायची परवानगी, तीही 'धिस फोल्डर ओन्ली', नाहीतर ती खाली सगळीकडे झिरपते. मग आत नऊ फोल्डर, तुम्ही स्वतः ॲडमिन म्हणून बनवायचे, आणि प्रत्येकावर त्या एका माणसाला 'मॉडिफाय' (वाचणं, लिहिणं, डिलीट करणं). दोन्ही टॅबमध्ये जी परवानगी कडक, तीच नेटवर्कवरून चालते.
दिसूही नये म्हणताय ना? सर्व्हर मॅनेजरमध्ये त्या शेअरच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेस बेस्ड एन्यूमरेशन' आहे, त्याला टिचकी मारा. ज्याला हक्क नाही त्याला फोल्डरचं नावही दिसत नाही.

वाशी_सेक्टर१७
मॉडिफाय का? स्वतःच्या फोल्डरवर फुल कंट्रोल द्यावा माणसाला. मी सगळ्यांना देतो.

वागळे_रात्रपाळी
फुल कंट्रोल दिला की तो परवानग्याही बदलू शकतो. उद्या मित्राला फोल्डर उघडून देईल, नाहीतर ॲडमिनलाच काढून टाकेल. आणि ज्याने फोल्डर बनवलं तो त्याचा मालक. मालकाला परवानगी नसली तरी परवानग्या बदलता येतात. म्हणून बनवायचे ॲडमिनने, आणि शेअरवर 'चेंज'च, म्हणजे नेटवर्कवरून कुणाला तो खेळ करताच येत नाही.

वाशी_सेक्टर१७
माझ्याकडे कुणी केलं नाही असं.

वागळे_रात्रपाळी
घोडबंदर ताईंकडेही बारा वर्षं कुणी केलं नव्हतं.

घोडबंदर_ताई
मला मध्ये ओढू नका. पासवर्ड बदललाय आज.

कळवा_नाका
'सिस्टीम' राहू द्या हे वर लिहिलंय, ते डोळे झाकून ऐका. मला वाटलं हे कोण अनोळखी नाव, काढून टाकलं. आमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर त्याच नावाने चालायचं. सहा महिने रोज रात्री हिरवी टिकमार्क येत होती आणि आत फोल्डर रिकामे. कळलं कधी, तर डिस्क गेली तेव्हा.

खाडीकाठ
डिस्क माळ्यावर होती का?

कळवा_नाका
नाही हो.

नौपाडा_खतावणी
रविवारी बसलो. सहा मशीन झाली, सातव्यावर अडलोय. नवीन नावाने जोडायला गेलं की म्हणतं, एकाच सर्व्हरला एकापेक्षा जास्त यूजरनेमने जोडता येत नाही. क्रेडेन्शियल पुसलंय.

बेलापूर_पेंग्विन
लिनक्समध्ये

वागळे_रात्रपाळी
थांब रे. खतावणी, त्या मशीनवर जुनी जोडणी अजून जिवंत आहे. मॅप केलेला ड्राइव्ह (सर्व्हरच्या फोल्डरला अक्षर देऊन केलेली जोडणी) तोडा, नाहीतर कमांड प्रॉम्प्टवर 'नेट यूज', मग चांदणी, मग स्लॅश डिलीट. तरी ऐकलं नाही तर लॉगऑफ.

नौपाडा_खतावणी
झालं! रिसेप्शनच्या मशीनवर झेड ड्राइव्ह होता, कुणी कधी वापरलाही नव्हता.

मानपाडा_मी
एक राहिलं. एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं तर फाईल जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. 'ऑफिस'मधून फाईली खाजगीत हलवणार असाल तर कॉपी करा, मग जुनी डिलीट. नाहीतर कुलूप लावलेल्या खोलीत उघडी पेटी.

गोखलेरोड_जुना
पगार आर्टिकलपासून लपवताय ते ठीक. पण सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड एएमसीवाल्या (वार्षिक देखभालीच्या कंत्राटाच्या) पोराकडे आहे ना? ॲडमिन कधीही मालकी स्वतःकडे घेऊन काहीही उघडतो. आणि सरांना सगळं बघायचं असेल तर त्यांना ॲडमिन करू नका. 'भागीदार' नावाचा ग्रुप करा, त्याला सगळ्या फोल्डरवर फक्त 'रीड'. बघतील, पण चुकून डिलीट करणार नाहीत.

बेलापूर_पेंग्विन
सरांना सगळं दिसणार, मग खाजगी कसलं?

गोखलेरोड_जुना
ऑफिसचं मशीन, ऑफिसचं काम. घरचे फोटो घरी ठेवा.

महापेचा_मिलिंद
नॅसमध्ये रीड ओन्ली असतं बरं का. आमच्याकडे शुक्रवारी लाईट जाते तेव्हा यूपीएसवर तासभर चालतो. सर्व्हर चालेल का तासभर?

वाशी_सेक्टर१७
सर्व्हरच्या यूपीएसला वेगळा धागा काढा.

नौपाडा_खतावणी
अपडेट देतो, सगळ्यांनी इतकं लिहिलंय.
नऊ यूजर, नऊ फोल्डर, यादीही दिसत नाही. कालच आर्टिकल-३ ने विचारलं, "दादा, बाकीच्यांची फोल्डरं डिलीट झाली का?" वागळे, तुमचे आभार, नौपाड्यात आलात की मामलेदारची मिसळ माझ्याकडून. ॲडमिन पासवर्ड बदलला, तो एएमसीवाल्याला सांगितला नाही. पंधरा हजारांतून बॅकअपला दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या, एक सर घरी नेतात.
भागीदार ग्रुपचं सरांना पटलं नाही. "माझ्याच ऑफिसात मी फक्त रीड?" त्यांना ॲडमिनच हवं होतं, दिलं. नऊ जणांचे पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवले आणि चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलेत, गणपतीच्या फोटोशेजारी. मी दोनदा बोललो. तिसऱ्यांदा बोलणार नाही.
आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते पगारपत्रक सर्व्हरवर ठेवायचंच नाही म्हणाले. प्रिंट काढून कपाटात. "नऊ नावं आहेत, महिन्याला हाताने लिहीन." 'ऑफिस'मधली फाईल त्यांनी माझ्यासमोर डिलीट केली.

महापेचा_मिलिंद
म्हणजे शेवटी कपाट घेतलंत.

मानपाडा_मी
डिलीट केली ते ठीक. डीवर शॅडो कॉपी (विंडोज ठरावीक वेळी आपोआप ठेवतं त्या जुन्या प्रती) चालू आहे का? सर्व्हरवर बघू नका, कुठल्याही मशीनवरून 'ऑफिस' फोल्डरवर राइट क्लिक करा आणि 'प्रीव्हियस व्हर्जन्स' बघा.

नौपाडा_खतावणी
मोठी यादी आली. कामाच्या प्रत्येक दिवशी सकाळी ७ आणि दुपारी १२.

मानपाडा_मी
ते ठरलेलं वेळापत्रक आहे, कुणीतरी बसवताना चालू करून ठेवलंय. एका ड्राइव्हवर जास्तीत जास्त ६४ राहतात, म्हणजे तुमच्याकडे साधारण सव्वा-दीड महिन्याचं सगळं आहे. आणि त्या प्रतींमधल्या फाईलींना परवानग्या त्या दिवशी होत्या त्याच. कुठलीही जुनी तारीख उघडून बघा.

नौपाडा_खतावणी
आर्टिकल-३ च्या खुर्चीवरून लिहितोय. उघडली.

वागळे_रात्रपाळी
डीवर राइट क्लिक, कॉन्फिगर शॅडो कॉपीज, जुन्या निवडून 'डिलीट नाउ'. पण त्याआधी आज बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. आणि त्याच्या खुर्चीवरून उठा, तो जेवून येईल.