मदत हवी आहे: ‘केबिन’ हा शब्द मुळात कुठला?

ऋतुजा_पु: संध्याकाळी मजकूर छपाईला द्यायचाय आणि या एका शब्दावर अडलेय. कुणी लॅटिन सांगतं, कुणी फ्रेंच, कुणी पोर्तुगीज. नक्की काय लिहू? प्लीज लवकर सांगा.

सह्यवारा: मराठीत कुठून आला की इंग्रजीत कुठून आला? आणि कुठली केबिन? बोटीची, विमानाची की साहेबांची?

ऋतुजा_पु: कुठलीही चालेल. शब्द एकच आहे ना!

मांडवीतीर: पोर्तुगीज. त्यांच्यात झोपडीला ‘काबाना’ म्हणतात. चावी, पगार, बटाटा त्यांच्याकडूनच आले, तसाच हा.

सह्यवारा: तसं असतं तर आपल्या तोंडी ‘काबान’ असं काही रुळलं असतं. ‘केबिन’ हा सरळ इंग्रजी उच्चार आहे.

रूळकरी: आमच्या रेल्वेत स्टेशनच्या दोन टोकांना केबिन असायच्या. वर लिव्हरची रांग. केबिनमन लिव्हर ओढायचा की तारेने लांबचा सिग्नल पडायचा. गाडीला रूळ बदलून देणारा सांधा नीट बसला नसेल तर लिव्हर हलायचाच नाही, इतकं पक्कं इंटरलॉकिंग! आता पॅनलवर बटणं आली. त्या माणसांची मेहनत कुणी लिहून ठेवायला हवी.

ऋतुजा_पु: काका, माहिती छान आहे, पण मला व्युत्पत्ती हवीय.

अक्षरगंध: उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कापान्ना’ म्हणजे झोपडी. 7व्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिडोर याने लिहिलंय की खेडूत हा शब्द वापरतात, कारण तिच्यात एकच माणूस मावतो (लॅटिनमध्ये ‘कापेरे’ म्हणजे सामावणे). हे कारण त्याने जुळवलेलं आहे, ते छापू नका. पुढे दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या भाषेत ‘काबाना’, फ्रेंचमध्ये ‘काबान’ आणि 14व्या शतकात इंग्रजी. पोर्तुगीज शब्द याच झाडाची दुसरी फांदी. म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर.

पुणेरी_चाक: टॅक्सीची ‘कॅब’ याचंच लघुरूप ना?

अक्षरगंध: नाही. ती ‘कॅब्रिओले’ या हलक्या घोडागाडीवरून आली. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला बोकड आहे. गाडी उड्या मारत चालायची म्हणून.

सह्यवारा: ऋतुजाताई, मजकूर कशासाठी आहे ते अजून कळलं नाही.

ऋतुजा_पु: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी. लिंकनवर आहे, ‘लॉग केबिन’मधला जन्म.

सह्यवारा: हे आधी सांगायचं ना! मग ‘ओंडक्यांचं घर’ लिहा, मुलांना चित्र दिसेल. लिंकन 1809 मध्ये केंटकीत अशाच एका खोलीच्या घरात जन्मला. ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवायची ही पद्धत 1638 पासून डेलावेअर खोऱ्यात आलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी अमेरिकेत आणली. व्युत्पत्तीला एक ओळ पुरे, हे मात्र नक्की घ्या.

वास्तुमित्र: ऑफिसची केबिन असेल तर साहेबांनी उत्तरेकडे तोंड करून बसावं.

ऋतुजा_पु: लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असा क्रम लिहिते आणि स्वीडिश लोकांचंही घेते. अक्षरगंध, सह्यवारा, मनापासून आभार.

मांडवीतीर: कंसात का होईना, पोर्तुगीज ‘काबाना’ टाकाच.