ब्लूजची सम्राज्ञी, महाराणी की आणखी कोणी?

चकली: बेसी स्मिथवर लेख लिहितेय. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, गाणारी गायिका. तिला 'एम्प्रेस ऑफ द ब्लूज' म्हणत. मी 'ब्लूजची सम्राज्ञी' लिहिलं, संपादकांनी 'विरहगीतांची महाराणी' करून परत पाठवलं. खटकतंय, पण काय ते सांगता येईना.

दोन_तंबोरे: विरह खटकतोय! तिचं १९२७चं 'बॅकवॉटर ब्लूज' पुरात घर गेलेल्या बाईचं आहे. पुढच्या वर्षीच्या 'पुअर मॅन्स ब्लूज'मध्ये तर ती श्रीमंतांना जाब विचारते. यात विरह कुठाय?

जुना_कोश: मग 'विराणी' घ्या. ज्ञानेश्वरांपासूनचा शब्द. घरात असताना उसनवारी कशाला?

दोन_तंबोरे: विराणी म्हणजे विरहिणीच की! फिरून तिथेच. उद्या कुणी लावणीचं इंग्रजी केलेलं चालेल का तुम्हाला?

जुना_कोश: सम्राज्ञी तरी कशी? ती सम्राटाची बायको.

चकली: ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात साध्या नवरीला सासूसासऱ्यांवर 'सम्राज्ञी' हो म्हटलंय. विठाबाईंना तमाशासम्राज्ञी म्हणताना सम्राट कोण विचारता का? आणि बेसी तर अमेरिकेतल्या चट्टानूगा शहराच्या रस्त्यावर भावाबरोबर गाऊन पैसे मिळवणारी पोर. १९२३ला पहिली रेकॉर्ड आली, ती लाखोंनी खपली. मग स्वतःच्या रेल्वेडब्यातून फड घेऊन फिरायची, कारण अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना धड हॉटेलात खोली मिळत नसे.

दोन_तंबोरे: 'फड' झकास. तो संपादकांनी ठेवला का?

चकली: 'कलापथक' केला. :(

संत्रा_बर्फी: आमच्या नागपुरात एम्प्रेस म्हणजे मिल. टाटांनी १ जानेवारी १८७७ला सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. आजोबा तिथेच कामाला. जन्मभर 'यंप्रेस मिल' म्हणाले. सम्राज्ञी गिरणी म्हटलं असतं तर लोकांनी पीठ दळायला दिलं असतं.

गिरगावकर: पण मुंबईत व्हिक्टोरिया गार्डनचा लोकांनीच राणीचा बाग केला ना? म्हणून म्हणतो, नुसतं 'राणी' बघा.

जुना_कोश: राणीची बाग. बाग स्त्रीलिंगी.

गिरगावकर: आमच्या चाळीत कुणाच्या तोंडी 'ची' ऐकली नाही. फारसीतून आला तेव्हा पुल्लिंगीच होता.

जुना_कोश: फारसीत लिंगच नसतं हो.

चकली: लेख उद्या द्यायचाय. बेसी १९३७ला मोटार अपघातात गेली, थडग्यावर दगड लागला तो थेट १९७०ला. त्यावर एम्प्रेस नाहीच, 'जगातली सर्वश्रेष्ठ ब्लूज गायिका' अशा अर्थाचं आहे. तेच घालू का?

संत्रा_बर्फी: 'दगड लागला' की 'बसला'?

गिरगावकर: कोशबुवा, मग 'बागेत' आणि 'बागात' दोन्ही कसं चालतं?